काळ्या समुद्राच्या तळाचा गाळ: महापुराची गोष्ट सांगण्याआधी हे तीन थर पाहा

गाळवाचक

काळ्या समुद्राखाली बुडालेल्या जगाचे व्हिडिओ हल्ली व्हॉट्सॲपवर फार फिरतात: इथे आधी सरोवर होतं, त्यात भूमध्य समुद्राचं पाणी एकदम कोसळलं आणि काठ बुडाले. शेवट ठरलेला असतो: मनूची नाव, नोहाची नाव, सगळं इथलंच, आणि शास्त्रज्ञांनी ते सिद्धही केलंय. मी मुंबईत कॉलेजच्या मुलांना भूशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. त्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. माझ्या लेखी पृथ्वीनं ठेवलेल्या सगळ्यात सुबक नोंदींपैकी ती एक आहे. म्हणून हा धागा.

आधी त्या समुद्राची ठेवण. चार लाख चौरस किलोमीटरहून मोठा पसारा, सगळ्यात खोल जागी २,२०० मीटरहून थोडं जास्त पाणी, आणि महासागराकडे जायला वाट एकच: इस्तंबूलच्या मधून जाणारी बॉस्फरसची सामुद्रधुनी. ती साधारण ३० किलोमीटर लांब, सर्वांत अरुंद जागी ७०० मीटर, आणि तिथला उंबरठा जेमतेम ३५ मीटर खोल. डॅन्यूब, नीपर, नीस्टर या नद्या वरून गोडं पाणी आणतात. ते हलकं पाणी बॉस्फरसमधून बाहेर मार्मारा समुद्राकडे वाहतं आणि त्याच वेळी, त्याच सामुद्रधुनीच्या तळालगत, भूमध्य समुद्राचं जड खारं पाणी उलट आत शिरतं. लुइजी फर्डिनांदो मार्सिली नावाच्या विशीतल्या इटालियन तरुणानं वजन बांधलेली दोरी खाली सोडून हे ताडलं. मग मधे पडदा घातलेल्या टाकीत कमी-जास्त खारं पाणी भरून त्यानं दाखवून दिलं की दोन प्रवाह उलटसुलट वाहणारच. त्याचं लिखाण छापलं गेलं १६८१ साली.

वरच्या पाण्यात किलोमागे सुमारे १८ ग्रॅम मीठ, खोलवर सुमारे २२. फरक किरकोळ दिसतो. पण तेवढ्यानं कडाक्याच्या हिवाळ्यातसुद्धा वरचं पाणी तळाशी जाण्याइतकं जड होत नाही. वरची हवा खाली पोचत नाही. वरून मेलेले सूक्ष्म जीव मात्र पडतच राहतात, जिवाणू त्यांना कुजवताना असलेला ऑक्सिजन संपवतात, आणि तो संपल्यावर दुसऱ्या जातीचे जिवाणू पाण्यातलं सल्फेट वापरायला लागतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. जागेनुसार १०० ते २०० मीटरखाली ऑक्सिजन जवळपास शून्य. समुद्राच्या एकूण पाण्यापैकी सुमारे ९० टक्के पाणी असं आहे. १८९० साली रशियन भूशास्त्रज्ञ निकोलाय आंद्रुसॉव यांच्या मोहिमेत हे पहिल्यांदा लक्षात आलं.

आता गाळ. १९६९ साली अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेचं ‘अटलांटिस २’ हे जहाज तिथे गेलं आणि खोल तळातून नळीसारखे कोअर काढून आणले. इगॉन डेगेन्स आणि डेव्हिड रॉस यांनी त्या कामातून जी मांडणी केली ती आजही वापरतात. वरून खाली तीन थर.

पहिला, सगळ्यात वरचा, सुमारे ३० सेंटिमीटर. पांढरट आणि गडद रेघा आळीपाळीनं, चिरोट्याच्या पदरांसारख्या. पांढरी रेघ एमिलियानिया हक्सलेयी या एकपेशीय शैवालाच्या चुनखडी तबकड्यांची. एक तबकडी दोन-तीन मायक्रोमीटरची. उन्हाळ्याच्या सुरुवातीला या शैवालाला असा बहर येतो की उपग्रहातून पाहिलं तर अख्खा समुद्र फिरोजी दिसतो. गडद रेघ नद्यांनी आणलेल्या चिकणमातीची आणि सेंद्रिय पदार्थाची. जोडी मिळून एक वर्ष. ही साखळी सुमारे २,७०० वर्षांपूर्वी सुरू झाली.

त्याखाली दुसरा थर, ४० सेंटिमीटरच्या आसपास: सॅप्रोपेल. गडद, मऊ, लवचिक, सेंद्रिय कार्बननं गच्च. साध्या खोल समुद्राच्या गाळात सेंद्रिय कार्बन टक्काभरही नसतो. इथे काही जागी तो २० टक्क्यांच्या जवळ जातो. या थराची सुरुवात सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वीची.

त्याच्याही खाली तिसरा थर. राखाडी चिकणमाती, सेंद्रिय पदार्थ अगदी थोडा, त्यातले सूक्ष्मजीव आणि शिंपले कमी खाऱ्या पाण्यातले. म्हणजे तेव्हा हा समुद्र नव्हता, सरोवर होतं. हिमयुगात जगभर समुद्रपातळी उतरली, बॉस्फरसचा उंबरठा उघडा पडला आणि भूमध्य समुद्राशी नातं तुटलं. त्या सरोवराच्या तळालाही प्राणवायू मिळत होता.

सरोवर, मग सॅप्रोपेल, मग पांढऱ्या रेघा. माणसाच्या कमरेपर्यंतही न येणाऱ्या उंचीत हा सगळा पालट. पुराचं भांडण ज्यांना करायचंय त्यांनी जरूर करावं, पण हे समोर ठेवून.

मढचा_दर्या

ताई, छान लिहिलंत. आम्ही खाडीकाठची माणसं. आमच्याकडे चिखलात हात घातला की वर तपकिरी आणि बोटभर खाली काळाकुट्ट, कुजलेल्या अंड्याचा वास. तोच का हा वायू? आणि तोच असेल तर आमच्या खाडीच्या चिखलात असे पदर का दिसत नाहीत?

गाळवाचक

तोच वायू, दादा, आणि रसायनही तेच. चिखलातल्या लोखंडाशी त्याचा संयोग झाला की काळं लोह सल्फाइड तयार होतं. पुढे त्याचं पायराइट होतं, काळ्या समुद्राच्या गाळात त्याचे सूक्ष्म गोळे सापडतात.

पदर न दिसण्याचं कारण तुम्ही रोज पाहता. निवट्या, चिंबोऱ्या, किडे, शिंपल्या. निवटी बीळ करते, चिंबोरी उकरते, किडे वरची माती गिळून खाली टाकतात. यंदाचा थर आणि मागच्या दहा वर्षांचे थर एकत्र घुसळले जातात. शिवाय आपल्याकडे भरती-ओहोटी मोठी, उधाणाला पाणी जवळपास पाच मीटर वरखाली होतं. दिवसातून दोनदा खाडीत नवं पाणी येतं आणि चिखल हलतो. काळ्या समुद्राला भरती जवळपास नाहीच, काही सेंटिमीटर म्हणायची. आणि तळाला उकरायला कुणी जिवंत नाही. मी ‘सुबक नोंद’ म्हटलं ते यामुळे. थर सगळ्या समुद्रांत पडतात, इथे ते मोडायला कोणी नाही.

मढचा_दर्या

समजलं. मग लाकूड पोखरणारा किडाही तिथे जगत नसणार. आमच्या होड्यांच्या बुडाला तो लागला की फळ्या चाळणी होतात. तिथे बुडालेली गलबतं शाबूत राहिली असतील का?

गाळवाचक

राहिली आहेत. २००० साली रॉबर्ट बॅलार्ड यांच्या पथकाला तुर्कस्तानच्या सिनोप गावासमोर ३०० मीटरहून जास्त खोलीवर एक बायझंटाइन काळातलं जहाज सापडलं, डोलकाठी उभी. पुढे बल्गेरियाच्या किनाऱ्यासमोरच्या शोधमोहिमेत साठाहून अधिक जहाजं दिसली. त्यातलं एक ग्रीक व्यापारी जहाज सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचं, दोन किलोमीटरहून खोल, डोलकाठी, सुकाणू, वल्हेकऱ्यांची बाकं जागच्या जागी. २०१८ साली ते जाहीर झालं. वर दिलेल्या हिशेबानं पाहिलं तर ते बुडालं तेव्हा पांढऱ्या रेघांचा थर नुकताच पडू लागला होता.

सत्यशोधक_दादर

लेख अभ्यासू आहे, मान्य. पण मुद्द्याला बगल दिल्यासारखं वाटलं. विल्यम रायन आणि वॉल्टर पिटमन हे कोलंबिया विद्यापीठाचे शास्त्रज्ञ, व्हिडिओवाले नव्हेत. १९९७ सालच्या त्यांच्या शोधनिबंधात स्पष्ट आहे: उथळ कडेवर बुडालेला जुना किनारा आहे, सरोवराचे शिंपले संपून खाऱ्या पाण्याचे शिंपले जागोजागी एकदमच सुरू होतात, आणि तारीख साडेसात हजार वर्षांपूर्वीची. तुमचा सॅप्रोपेलही साडेसात हजारांचाच. मग शंका कुठे उरली?

गाळवाचक

सत्यशोधकजी, बगल देत नाही. उलट तुम्ही जो मुद्दा काढलात त्यावरच माझं सगळं म्हणणं उभं आहे.

बॉस्फरसच्या उंबरठ्यावरून खारं पाणी आत आलं, ही एक घटना. तळ विषारी होऊन सॅप्रोपेल साचू लागला, ही दुसरी. लोक दोन्ही एकच धरतात. पण दोन किलोमीटर खोल सरोवर खाऱ्या पाण्यानं भरायला वेळ लागतो. आधी जड पाणी तळाशी साचलं पाहिजे, मग गोडं-खारं असे दोन मजले पक्के झाले पाहिजेत, मग तळातला ऑक्सिजन संपला पाहिजे. शिंपल्यांच्या आणि गाळातल्या पाण्याच्या नव्या अभ्यासांनुसार खारं पाणी आत येऊ लागलं ते सुमारे ९,००० वर्षांपूर्वी. म्हणजे सॅप्रोपेलच्या आधी हजारेक वर्षं किंवा जास्त. सॅप्रोपेलची तारीख पुराची तारीख म्हणून चालवता येत नाही.

‘गाळातलं पाणी’ म्हटलं ते जरा थांबून सांगते, कारण मला स्वतःला हा पुरावा फार आवडतो. चिकणमातीच्या कणांच्या फटीत पाणी अडकलेलं असतं. काळ्या समुद्राच्या तळात जसजसे खाली जाल तसतसं त्या पाण्यातलं मीठ कमी होत जातं, कारण तिसऱ्या थरात आणि त्याखाली अजून जुन्या सरोवराचं पाणी आहे. वरचं मीठ गेली हजारो वर्षं रेणूरेणूनं खाली झिरपतंय आणि अजून पुरतं पोचलेलं नाही. मीठ किती खोल पोचलंय यावरून ते केव्हा निघालं याचा हिशेब मांडता येतो, आणि सरोवराचं पाणी किती गोडं होतं याचाही. वय काढायला शिंपला नको, शैवाल नको.

रसायन_कन्या

ताई, फारच सुंदर! मी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. विसरणाचे (डिफ्यूजनचे) नियम आम्ही परीक्षेपुरते शिकतो, त्यातून सरोवराचं वय निघतं हे आज कळलं. एक प्रश्न: थरांची वयं रेघा मोजून काढतात की रेडिओकार्बननं, म्हणजे गाळातल्या किरणोत्सारी कार्बनवरून? दोन्ही जुळतात का?

गाळवाचक

सुरुवातीला जुळली नव्हती. रेघा मोजून वय कमी यायचं, रेडिओकार्बननं जास्त. कारण गाळात नद्यांनी वाहून आणलेला जुना कार्बनही मिसळलेला असतो, तो वय फुगवतो. दुसरीकडे, जिथे घसरण झाली तिथे काही रेघा पुसल्या जातात किंवा मोजायच्या सुटतात. नव्वदच्या दशकात जुन्या कार्बनची वजावट नीट केल्यावर चित्र बरंच सुधारलं.

आणि मधे बाहेरून आलेल्या खुणा आहेत. एजियन समुद्रातल्या सांतोरिनीचा कांस्ययुगातला प्रचंड उद्रेक, सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीचा. त्याची राख काळ्या समुद्राच्या गाळात सापडली आहे, आणि ती पांढऱ्या रेघांच्या खाली, सॅप्रोपेलच्या काळातच बसते. अगदी अलीकडची खूण चेर्नोबिलची. एप्रिल १९८६मध्ये अणुभट्टी फुटली तेव्हा काळ्या समुद्रात सुमारे हजार मीटर खोलीवर पडणारा गाळ पकडणारं उपकरण आधीच टांगलेलं होतं. त्यात काही आठवड्यांतच किरणोत्सारी पदार्थ उतरले. एवढे बारीक कण एकेकटे पडले असते तर खूप वर्षं लागली असती. ते गुठळ्या होऊन, प्राण्यांच्या विष्ठेत बांधले जाऊन झपाट्यानं उतरतात. वर्षाची रेघ वर्षातच तळाला का पोचते, याचं उत्तर त्यात आहे.

निवृत्त_ड्रिलर

नमस्कार. आयुष्य मुंबई हायच्या फलाटांवर गेलं, म्हणून दोन शब्द. सॅप्रोपेल म्हटलं की आमच्या लोकांचे कान टवकारतात. असाच गाळ कोट्यवधी वर्षं दबून तापला की तेल देणारा शेल, म्हणजे चिकणमातीचा पदरी खडक, होतो. जगातल्या कित्येक तेलक्षेत्रांचं मूळ प्राणवायू नसलेल्या तळातल्या काळ्या शेलमध्ये आहे, आणि काळा समुद्र हे त्याचं चालू उदाहरण म्हणून शिकवलं जायचं.

पण आपल्या मुंबई हायचं तसंच झालं असं कुणी समजू नये. १९७४ साली ‘सागर सम्राट’नं विहीर खणली आणि तेल लागलं, ते मुख्यतः चुनखडकात साठलेलं. त्याचं उगमस्थान त्याखालचे पन्ना शेल, पॅलिओसीन ते इओसीनच्या सुरुवातीचे, म्हणजे पाच-सहा कोटी वर्षांपूर्वीचे. त्यातल्या सेंद्रिय पदार्थात किनाऱ्यालगतच्या झाडापाल्याचा मोठा वाटा. शैवालानं भरलेल्या बंद समुद्राची ती गोष्ट नव्हे. आमच्या बाजूचे तरुण पोरगेसुद्धा हे दोन्ही एका दावणीला बांधतात, म्हणून लिहिलं.

गाळवाचक

काका, फार मोलाचं लिहिलंत. मुलांना तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवणार आहे.

तुम्ही ड्रिलिंगचं काढलंत म्हणून आठवलं. १९७५ साली ‘ग्लोमर चॅलेंजर’ हे ड्रिलिंगचं जहाज काळ्या समुद्रात गेलं आणि एका ठिकाणी तळाखाली एक किलोमीटरहून जास्त खोल गेलं. तिथे खोल पाण्याच्या गाळांच्या मधोमध उथळ पाण्याच्या खुणा मिळाल्या. मायोसीनच्या अखेरीला (साधारण पन्नास-साठ लाख वर्षांपूर्वी) भूमध्य समुद्र जवळपास आटला होता त्या काळाशी काही संशोधकांनी त्या जोडल्या. आपल्या बाजूला २०१५ साली ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या जहाजानं अरबी समुद्रात लक्ष्मी खोऱ्यात साडेतीन किलोमीटरहून जास्त पाण्याखाली ड्रिलिंग केलं आणि ती सफर मुंबईलाच संपली. तिथे एक कोटी वर्षांहून जुनी, पश्चिम किनाऱ्याच्या उतारावरून घसरलेली अवाढव्य दरड गाळात सापडली. तिला नटराज नाव आहे.

सत्यशोधक_दादर

दोन घटना वेगळ्या, हे पटण्यासारखं आहे. पण त्यानं पूर खोटा ठरत नाही. खारं पाणी ९,००० वर्षांपूर्वी आलं असेल तर पूर ९,००० वर्षांपूर्वीचा. बुडालेला किनारा तर तुम्ही नाकारत नाही ना?

गाळवाचक

नाकारत नाही. सरोवराची पातळी आजच्या समुद्रापेक्षा खाली होती, यावर मोठा वाद नाहीच. वाद आहे तो किती खाली, यावर. शंभर मीटर खाली असेल तर पाणी कोसळत आलं असणार. २००९ साली लिव्हिऊ जोसान आणि सहकाऱ्यांनी डॅन्यूबच्या त्रिभुज प्रदेशातल्या गाळावरून सांगितलं की पातळी आजच्यापेक्षा सुमारे ३० मीटरच खाली होती. तसं असेल तर पाणी चढलं, जमीन बुडाली, पण शेकडो धबधब्यांचा प्रलय नव्हे. त्याआधी अली अक्सू आणि रिचर्ड हिस्कॉट यांच्या गटानं बॉस्फरसच्या दक्षिण तोंडाशी, मार्माराच्या तळावर, बुडालेला त्रिभुज गाळ दाखवला होता. त्यांचं म्हणणं, सरोवरच आधीपासून भरून बाहेर वाहत होतं.

माझं मत विचाराल तर खोल तळ प्रलयाच्या बाजूनं साक्ष देत नाही. एवढं पाणी एकदम कोसळलं असतं तर उतारांवरून गाळाच्या लोंढ्यांनी तळ झाकून टाकला असता, आणि तिसऱ्या थराच्या माथ्यावर सबंध खोऱ्यात एकसारखा जाड थर दिसायला हवा होता. खोल कोअरमध्ये राखाडी चिकणमातीतून सॅप्रोपेलमध्ये होणारा बदल शांत आहे. काही जागी लोंढ्यांचे पातळ थर आहेत, पण ते सगळ्याच काळात आहेत. डॅन्यूबसमोरचा गाळाचा पंखा अशा लोंढ्यांनीच बांधला.

आणि मोठं पाणी आलंच म्हणायचं तर त्याआधीचं बघा. तिसऱ्या थरात मधेच तांबूस चिकणमातीचे पट्टे आहेत, साधारण अठरा ते पंधरा हजार वर्षांपूर्वीचे. उत्तरेकडचे हिमस्तर वितळले तेव्हा त्यांचं पाणी आणि लाल माती नद्यांतून या सरोवरात लोटली गेली. तो पूर गाळात रंगासकट दिसतो. त्यावर व्हिडिओ कुणी करत नाही.

पारूची_आई

सगळं वाचतेय, लिहीत राहा. माझ्या मुलीनं विचारलंय: आपला अरबी समुद्र कधी असा होईल का?

गाळवाचक

पारूला सांगा, तसा होणार नाही, कारण तो दक्षिणेला सताड उघडा आहे आणि तळाशी दक्षिणेकडून थंड, प्राणवायू असलेलं पाणी येत राहतं. पण मधल्या मजल्यावर, साधारण २०० ते १,००० मीटरच्या दरम्यान, आपल्याही समुद्रात ऑक्सिजन फार कमी आहे. पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यासमोर हा पट्टा जिथे उताराला टेकतो तिथे गाळात पदर टिकलेत. काळ्या समुद्राशी नातं सांगणारे आपल्याजवळचे पदर तेच.

शिवाय एक काळजीची बाब. पावसाळ्याच्या शेवटी आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत खालचं कमी ऑक्सिजनचं पाणी उथळ कडेवर चढतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की तिथे ऑक्सिजन संपून हायड्रोजन सल्फाइडपर्यंत गोष्ट जाते. शेतातली खतं आणि शहरांचं सांडपाणी त्यात भर घालतं. मासे सगळ्यात आधी मरतात किंवा पळतात.

मढचा_दर्या

हे आम्हाला ठाऊक आहे, फक्त कारण ठाऊक नव्हतं. गणपतीनंतर कधीकधी खालच्या जाळ्यात काहीच येत नाही आणि वरच्या पाण्यात मासळी दाटते. आमचे म्हातारे म्हणतात, खालचं पाणी बिघडलं. ताई, याची मोजमापं मुंबईसमोर कोण घेतं? वर्सोव्याला त्याच संस्थेचं केंद्र आहे ना?

गाळवाचक

हो, वर्सोव्याला त्यांचं प्रादेशिक केंद्र आहे. दादा, तुमच्या म्हाताऱ्यांचं हे निरीक्षण तारीख, खोली आणि जागा घालून लिहून ठेवायला सुरुवात करा. माझ्या दोन विद्यार्थिनी मदतीला तयार आहेत, ऑक्सिजन मोजायचं साधं उपकरण आमच्या प्रयोगशाळेत आहे. मला खाजगी निरोप पाठवा. यंदाच्या गणपतीआधी ठरवू.

रसायन_कन्या

मला तिसरी धरा.